ज्या सौभद्रावर मी वाढले, ते सरांनी एका कॉलमात निकालात काढलं

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय चाळिशीच्या पुढचं, नोकरी, नवरा आणि पंधरा वर्षांची लेक. वडील गावच्या उत्सवी नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, जवळजवळ तीस वर्षं केली, दोन वर्षांमागे ते वारले. गेल्या महिन्यात फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात 'संगीत सौभद्र' या अर्जुन-सुभद्रेच्या जुन्या संगीत नाटकाचा नव्यानं बसवलेला प्रयोग झाला, ही सगळ्या घराला घेऊन गेली. थिएटर भरलेलं, सुभद्रेच्या 'वद जाऊ कुणाला शरण' या पदाला तीन वन्स मोअर, आणि हिचं रडू थांबेना. पुढच्या रविवारी पेपरात परीक्षण आलं. लिहिणारे कोण तर हिचेच हायस्कूलचे मराठीचे सर, आता निवृत्त. त्यांनी लिहिलं की पदं नाटकाला वेठीला धरतात, सुभद्रेला स्वतःचं मतच नाही, आणि ते रंगवलेले पडदे आणि जरीचे शेले बघून म्युझियममध्ये फिरून आल्यासारखं वाटलं. गावच्या नाट्यमंडळाच्या ग्रुपवर आता सह्या गोळा होतायत, पेपरला निषेधाचं पत्र द्यायचं आणि यापुढे सरांना कुठल्याच प्रयोगाचा पास द्यायचा नाही. ती विचारते, "मावशी, ज्याला साधा सा लावता येत नाही त्यानं सौभद्राबद्दल लिहावं का? मी सही करू का? आणि येत्या जत्रेत सर समोर आले तर काय करू? का खरंच मलाच नाटक कळत नाही?" आणि अगदी शेवटी, सहीच्या वर एक ओळ, "लेकीनंही सरांचीच बाजू घेतली, ते जाऊ दे."

---

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं, मग सोबत पाठवलेलं कात्रण वाचलं, मग परत पत्र. आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. तुला नाटक कळतं. जी मुलगी तालमीच्या खोलीत ऑर्गनच्या पायाशी बसून अभ्यास करत मोठी झाली तिला सौभद्र कळत नाही असं कोण म्हणेल? सरांनीही ते म्हटलेलं नाही, कात्रणात कुठेच नाही, ते तू स्वतःच स्वतःला म्हणतेयस आणि त्याचा राग सरांवर काढतेयस. असं होतं गं. आपल्या जिवाच्या गोष्टीला कुणी नावं ठेवली की ती आपल्यालाच ठेवल्यासारखी लागतात.

पण मला वाटतं त्या दिवशी थिएटरात दोन सौभद्रं चालू होती. एक स्टेजवर, जे सगळ्यांना दिसत होतं, आणि एक तुझ्या मनात, देवळापुढच्या मंडपातलं, बाबांच्या पायाखाली ऑर्गनचा भाता वरखाली होतोय, पुढे पेट्रोमॅक्सचा उजेड की ट्यूबलाइट ते तुलाच माहीत. माझंही एक तसलं आहे. आमच्या गावच्या उत्सवात आजी आम्हा पोरांना गोणपाट देऊन संध्याकाळीच जागा धरायला पाठवायची, खाजं खात खात दुसऱ्या अंकापर्यंत मी झोपलेली असायचे आणि सुभद्रेचं पद आलं की आजी मला हलवून उठवायची, ऊठ ऊठ पोरी, आता ऐक. ती सुभद्रा करणारे गृहस्थ दिवसा गावात मनीऑर्डरी वाटायचे, नाकात नथ आणि मिशी काढल्याची हिरवी झाक, आणि तरी ते गायला लागले की आजी पदरानं डोळे पुसायची. आजही कुठेही सौभद्राचा प्रयोग असला की अर्धं मी स्टेजवरचं बघते आणि अर्धं ते. सरांनी मात्र तुझं मंडपातलं सौभद्र बघितलेलं नाही, ते बघूही शकत नाहीत, त्यांनी फक्त त्या संध्याकाळचं बघितलं आणि त्याबद्दल लिहिलं. तेव्हा बाबांच्या सौभद्राला कुणी हात लावलेला नाही. हे आधी मनात नीट बसू दे.

आता तुझं पहिलं म्हणणं, सा लावता येत नाही त्यानं का लिहावं. ताटातल्या हुमणात, म्हणजे आपल्या माशांच्या आमटीत, मीठ जास्त पडलं तर ते जेवणाऱ्याला कळतं, त्याला चूल फुंकता येत नसली तरी. नाटक गवयांसाठी बसवत नाहीत, समोर बसलेल्यांसाठी बसवतात, आणि सर समोर बसलेले होते. हां, मीठ जास्त आहे एवढं सांगून न थांबता तो जर म्हणाला की कोकमच घालायला नको होतं, तर मात्र त्याला विचारायचं की बाबा हुमण म्हणजे काय ते ठाऊक आहे का. सरांच्या परीक्षणात या दोन्ही प्रकारची वाक्यं आहेत आणि तू दोन्हींवर सारखीच चिडलीयस. ती वेगळी करायला हवीत.

मी काय केलं सांगते, तूही कर, आणि ज्या कुणाला कधी एखाद्या परीक्षणानं झोप लागली नसेल त्यांनीही करून बघा. पेन्सिल घेतली आणि कात्रणातलं एकेक वाक्य बघत गेले, हे सरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, की त्यांची आवड आहे, की त्यांचं मत आहे. पाहिलेल्याखाली सरळ रेघ, आवडीखाली नागमोडी, मताला गोल. पडदे रंगवलेले होते, हे पाहिलेलं. म्युझियम वाटलं, ही आवड. सुभद्रेला मत नाही, हे मत. आवडीशी भांडण नसतं बघ, त्यांना रंगवलेला राजवाडा नको वाटतो आणि आपल्याला तो पडदा वर जाताना अंगावर काटा येतो, दोघांचंही खरं. पाहिलेल्या गोष्टी तपासता येतात. आणि मतांशी वाद घालता येतो, घालावाच.

तर वाद घालू.

पदं नाटकाला वेठीला धरतात, हे म्हणणं काही सरांचं एकट्याचं नाही, ते संगीत नाटकाच्या पाठीशी जन्मापासून लागलेलं आहे. पण त्यासाठी थोडं मागे जायला लागेल. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला सीता स्वयंवर केलं तेव्हा पदं मुख्यतः सूत्रधार गायचा, पात्रं आपली हालचाल करणार आणि अधूनमधून बोलणार. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात शाकुंतल केलं आणि 1882 मध्ये सौभद्र, आणि त्यात पात्रंच गायला लागली. आज आपल्याला ह्यात काय विशेष असं वाटतं, पण केवढी मोठी गोष्ट आहे बघ, ज्याचं दुःख त्याच्याच तोंडात पद आलं. आणि चाली कसल्या, साकी, दिंडी, कीर्तनातल्या, लावणीच्या वळणाच्या, लोकांच्या कानात आधीच बसलेल्या, आटोपशीर. बोलता बोलता माणूस गाण्यात शिरतो आणि गाता गाता बोलण्यात येतो अशी ती रचना. त्यामुळेच सौभद्रात शंभरच्या आसपास पदं मावली, ती काही शंभर मैफली म्हणून लिहिलेली नव्हती.

मग 1911 ला मानापमान आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, ठुमरीच्या अंगाच्या. 1916 ला स्वयंवर, भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली बांधल्या, आणि बालगंधर्वांसारखा गळा. लोक गाणं ऐकायला यायला लागले, वन्स मोअरवर वन्स मोअर, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. त्या गाण्यानं महाराष्ट्राला आणि आपल्या गोव्याला जे दिलं त्याला तोड नाही, आपल्याकडे तर गुरं राखणारा पोरगाही नाट्यपद गुणगुणत जायचा. पण नाटकाचा दोर तेव्हा सैल झाला हेही खरं, आणि हे संगीत नाटकावर जीव असलेल्या माणसांनीच आधी ओळखलं. आपल्या मंगेशीचे गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा बघ. 1964 ला गोवा हिंदू असोसिएशननं मत्स्यगंधा केलं तेव्हा बुवांनी पदं थोडी ठेवली, प्रसंगाला लागतील तेवढीच, रामदास कामतांसारखा भरदार गळा हाताशी असूनसुद्धा. बुवांना काय गाणं नको होतं? गाण्यावर त्यांच्याइतकं प्रेम कुणाचं? पण पद नाटकात राहिलं पाहिजे हे त्यांनी बघितलं.

तेव्हा सर जर म्हणत असतील की सौभद्रात पदंच नकोत, तर ते हुमणातलं कोकम काढायला सांगतायत, तिथे तू त्यांना ठामपणे सांग की पद हेच या नाटकाचं बोलणं आहे. पण ते जर म्हणत असतील की त्या दिवशी पदं नाटकाच्या डोक्यावर बसली, तर मग ते तपासता येतं. आणि बाय, तपासायला पुरावा तूच दिलायस. तीन वन्स मोअर.

तो प्रसंग डोळ्यांसमोर आण. बलरामदादानं सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. हिचा जीव अर्जुनावर. दादापुढे तोंड उघडायची सोय नाही, अर्जुन कुठे आहे पत्ता नाही, आणि ती म्हणते सांग गं, आता मी शरण जाऊ तरी कुणाला. यापेक्षा एकटं माणूस असतं का? आणि पद संपतं, टाळ्या पडतात, वन्स मोअर, आणि ती सुभद्रा पुढे येते, हसते, हात जोडते, परत गाते. परत हसते, परत हात जोडते. तू लिहिलंयस की तिसऱ्या वेळेला तिनं इतक्या ताना घेतल्या की शेजारचे काका उभे राहिले. गळा नक्कीच फार तयारीचा असणार, मी तिला नावं ठेवत नाही, समोरून मागणी आली की नाही म्हणणं कलाकाराला फार जड जातं, आणि आपल्याकडे तर वन्स मोअर न घेणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान समजतात. पण मला सांग, तिसऱ्या वेळी ती सुभद्रा होती का? तिला शरण जायला जागा नव्हती का? समोर साताठशे माणसं तिच्यासाठी उभी होती की.

आणि आता सरांचं दुसरं वाक्य घे, सुभद्रेला स्वतःचं मत नाही. मी कात्रणात या वाक्याला गोल केला आणि बराच वेळ बघत बसले, कारण मला ते साफ चुकीचं वाटतं. मत नसतं तर रडली कशाला असती? घरच्यांनी बघितलेला मुलगा नको, मला हवा तो हवा, हे 1882 सालच्या रंगमंचावर एक मुलगी म्हणते, गाऊन म्हणते, सगळ्या गावासमोर म्हणते, तेही तेव्हा सुभद्रा पुरुष करायचे आणि प्रेक्षकांतल्या कितीतरी मुलींची लग्नं पाळण्यातच ठरायची. तिचं मत त्या पदातच आहे. मग सरांसारख्या शहाण्या माणसाला ते ऐकू का आलं नाही? मला वाटतं त्या तीन वन्स मोअरमुळे. त्यांना गायिका ऐकू आली, सुभद्रा ऐकू आली नाही. म्हणजे त्यांचं पहिलं म्हणणं त्या प्रयोगापुरतं खरं आहे म्हणूनच त्यांचं दुसरं म्हणणं चुकलंय, आणि हे पेपरात कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि ते तुझ्याइतकं चांगलं कोण लिहील मला माहीत नाही.

सरांच्या बाजूनं एक मात्र सांगायला हवं. सुभद्रेला मत आहे पण तिच्या हातात काही नाही. सगळा डाव कृष्णाचा, अर्जुन यतीच्या वेषात समोर येतो तरी तिला बराच वेळ पत्ता नाही, आपण सगळे प्रेक्षक हसतोय आणि तिला एकटीला अंधारात ठेवलंय. लहानपणी मला ह्यात गंमतच वाटायची. आता बघताना मध्येच कुठेतरी टोचतं. तुलाही टोचलं असेल, नसेल तर पुढच्या वेळी बघ. जे आवडतं त्यातलं काहीतरी टोचणं म्हणजे काही त्याच्याशी बेइमानी नव्हे, घरच्या माणसांचं सगळं कुठे आपल्याला पटतं.

म्युझियमबद्दल मला फार बोलायचं नाही. जिथे कला अकादमीच्या संगीत नाट्यस्पर्धेसाठी गावोगावची मंडळं महिनोन् महिने दिवसभराची कामं उरकून तालमीला बसतात, जिथे देवळाच्या मंडपात अजून नांदी होते, तिथे सौभद्राला म्युझियम म्हणणं मला पटत नाही, एवढंच. पण तुझ्या आजूबाजूच्या खुर्च्यांवर किती पंचविशीच्या आतली पोरं होती ते आठवून बघ, आणि मग सर कशाला घाबरलेत तेही कळेल. मला तर त्या वाक्यात तुच्छता दिसली नाही, काळजी दिसली.

आता सह्यांचं. करू नकोस. कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलीस तरी चालेल पण सही नको. निषेधाच्या पत्रात काय असतं गं, आमच्या भावना दुखावल्या. भावना दुखावल्या हे खरंच, पण त्यावर सर काय उत्तर देणार? त्यात नाटकाचा एकही प्रवेश नसतो, एकही पद नसतं, चाळीस नावं असतात. आणि पास बंद करणं तर फारच वाईट, ज्या मंडळानं पिढ्यान् पिढ्या नाटक जगवलं त्यानं असं करू नये. ज्यांना बोलवायचं त्यांनी छानच लिहायचं असं ठरलं की मग त्या छान म्हणण्याला किंमत काय उरली? उद्या तुमच्या मंडळाचा प्रयोग खरंच रंगला आणि त्याच सरांनी चार ओळी चांगल्या लिहिल्या तर गाव ते कात्रण लॅमिनेट करून ठेवील की नाही, ते कशामुळे, तर हा माणूस तोंडावर सांगतो हे माहीत आहे म्हणून. तू ग्रुपवर भांडायलाही जाऊ नकोस, तिथे रात्री अकरानंतर कुणीच शहाण्यासारखं लिहीत नाही. एवढंच लिही की मी सही करणार नाही, मी माझं वेगळं पत्र माझ्या नावानं देतेय. बघ, एकदोघं तरी मनातल्या मनात सुटल्यासारखे होतील.

आणि ते पत्र खरंच लिही. आपल्या पेपरांत वाचकांच्या पत्रांना अजून जागा मिळते, पण ती थोडी असते, अडीचशे-तीनशे शब्दांच्या वर गेलीस तर कापतील आणि नेमकं हवं ते कापतील. म्हणून एकच मुद्दा घे, सुभद्रेचा. सरांनी काय म्हटलं ते एका वाक्यात, जसं आहे तसं, वाकवून नव्हे. मग तो प्रवेश, तिची अडचण, ते पद. मग तुझं म्हणणं. पदांच्या लांबीबद्दल सरांचं पटतं तेवढं मोकळेपणानं मान्य कर, त्यानं तुझं पत्र हलकं होत नाही, उलट लोक पुढचं विश्वासानं वाचतात. सरांना गाण्यातलं काय कळतं, ते कुणाचे नातेवाईक, कुणावर त्यांचा जुना राग, ह्यातलं एक अक्षर नको. बाबांचाही उल्लेख करू नकोस असं सांगेन, तुला करावासा वाटेल, पण मग वाचणारा तुझ्यावर दया करील आणि मुद्दा राहील बाजूला. लिहिण्याआधी मूळ नाटक एकदा वाच. ऐकून पाठ असणं वेगळं आणि वाचणं वेगळं, आजकालचे प्रयोग तीन-साडेतीन तासांत बसवायला पुष्कळ पदं गाळतात, आणि त्यात कधीकधी सुभद्रेचंच बोलणं कापलं जातं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, 1832 पासूनचं, तिथे नाटकांच्या कपाटापाशी एक दुपार घालव, तुझ्या प्रयोगात काय गाळलं होतं ते कळेल, आणि कदाचित तुझं पत्र सरांपेक्षा दिग्दर्शकालाच जास्त लागू पडेल.

आता ते, जे तू म्हणालीस की जाऊ दे. मी ते जाऊ देणार नाहीये. चार पानं सरांवर आणि लेकीवर एक ओळ, पण मला वाटतं खरं दुखणं त्या ओळीत आहे. सर चुकले तर एक परीक्षण चुकलं. लेकीला आवडलं नाही तर बाबांपासून आलेलं ते सगळं तुझ्यापाशी थांबलं, असं तुला वाटलं ना? सांग खरं. तू लिहिलंयस की ती घरी येताना गाडीत म्हणाली, सुभद्रा नुसती रडतेच, तिला कुणी काही विचारतच नाही. आणि तू चिडून म्हणालीस तुला काय कळतंय, आणि पुढे बोरीच्या पुलापर्यंत कुणी बोललं नाही.

अगं, तिला कुणी विचारतच नाही, हेच तर त्या पदात आहे! शरण जाऊ कुणाला म्हणजे दुसरं काय? त्या थिएटरात सगळे ताना मोजत होते, सर घड्याळ बघत होते, तू बाबांना बघत होतीस, आणि सुभद्रेचं म्हणणं ऐकलं ते तुझ्या पंधरा वर्षांच्या पोरीनं. तिला ते नाटकाची चूक वाटली कारण तिला कुणी सांगितलं नाही की ते लिहिणाऱ्यानं जाणूनबुजून लिहिलंय. तिला सांग. पण आधी तिची माफी माग, गाडीतल्या त्या वाक्याबद्दल. आणि मग विचार, तू सुभद्रा असतीस तर काय केलं असतंस, आणि ती काय सांगते ते ऐकून घे, मध्ये बाबांना आणू नकोस, नाट्यसंगीताचा वारसा वगैरे तर मुळीच आणू नकोस. तिला सौभद्र आवडलंच पाहिजे असं नाही. तिनं त्याच्याशी भांडावं, एवढं झालं तरी खूप झालं, कारण ज्याच्याशी आपण भांडतो ते आपल्यात राहतं. तुझं पत्र लिहून झालं की पेपरला देण्याआधी तिला वाचायला दे. ती दोन वाक्यं खोडेल, खोडू दे.

आणखी एक. कात्रणाच्या तिसऱ्या परिच्छेदात खालून दुसरी ओळ वाच. मला वाटतं रागाच्या भरात तुझी ती सुटली, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात तिचा कुठेच उल्लेख नाही. सरांनी लिहिलंय की संपूर्ण प्रयोगात नाटकाचं भान एकट्या ऑर्गनवाल्याला होतं, तो गाणाऱ्याच्या मागे धावला नाही की पुढे गेला नाही, पात्र बोलायला लागलं की त्याचा सूर आपणहून खाली यायचा. ज्याला सा लावता येत नाही असं तू म्हणतेस त्या माणसानं हे ऐकलंय. साथीदाराबद्दल एवढं नेमकं आपल्याकडच्या परीक्षणांत फार क्वचित वाचायला मिळतं, बहुतेक वेळा ऑर्गन अमुक, तबला तमुक, साथ उत्तम, झालं. आणि सर तुमच्याच गावचे, म्हणजे तीस वर्षं त्यांनी साथ ऐकली ती कुणाची? ते असं ऐकायला कुठे शिकले असतील, विचार कर.

म्हणून जत्रेत काय करू हा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. तोंड चुकवू नकोस, लहान गावात तोंड चुकवलेलं सगळ्यांना दिसतं आणि मग त्याची वेगळीच गोष्ट तयार होते. वाकून नमस्कार कर, ते तुझे सर आहेत. परीक्षण वाचलं म्हणून सांग, पटलं नाही म्हणूनही सांग, मास्तर माणसाला आपल्या विद्यार्थ्यानं मुद्दा काढलेला आवडतो, आणि नाही आवडला तरी तू पाठीमागे बोलली नाहीस, एवढं त्यांना कळेल. आणि मग एकच विचार, सर, 'वद जाऊ'च्या पहिल्या वेळेला, वन्स मोअरच्या आधी, तुम्हाला काय वाटलं होतं? पहिल्या वेळेला म्हण, ते महत्त्वाचं आहे. लेकीलाही बरोबर ने. पालखी बाहेर निघेपर्यंत तास-दीड तास सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसलेलेच असतात, एका प्रवेशाबद्दल बोलायला तेवढा वेळ पुरतो.